७५ हजार डॉलर सिंडिकेशनमध्ये घालण्याआधी

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: तुम्ही दोघं न्यू जर्सीत नोकरी करता, एकजण अजून एच-१बी व्हिसावर आहे. डॅलसजवळच्या २१२ घरांच्या एका अपार्टमेंट संकुलात सिंडिकेशनमधून, म्हणजे अनेकांचे पैसे एकत्र करून इमारत घेण्याच्या सौद्यातून, ७५ हजार डॉलर घालायचा विचार आहे. प्रस्ताव ओळखीच्या गृहस्थांनी आणला आहे. ८ टक्के प्रेफर्ड रिटर्न, पाच वर्षांत पैसे दुप्पट, आयआरआर, म्हणजे पैसे कधी येतात ते धरून काढलेला वार्षिक परतावा, १७ टक्के असं त्यांनी सांगितलंय. चार-पाच मित्रांना सोबत आणलंत तर ‘को-जीपी’, म्हणजे सौदा चालवणाऱ्यांतले एक, म्हणून वेगळा वाटा देऊ, असंही सुचवलंय. होकार शुक्रवारपर्यंत हवा आहे. तुम्ही विचारता: पॅसिव्ह आहे म्हणजे आपल्याला काही करावं लागणार नाही ना? सगळे पैसे बुडू शकतात का? की त्यापेक्षा चौघं मित्र मिळून एखादी छोटी इमारत घ्यावी?

बुडण्याबद्दल आधी सांगतो. हो, सगळे बुडू शकतात. माझे बुडालेत. २०२१ च्या अखेरीस मी टेक्सासमधल्या एका संकुलात ५० हजार डॉलर घातले. पहिलं वर्षभर दर तिमाहीला पैसे आले, मग थांबले, मग आणखी पैसे मागणारं पत्र आलं, आणि २०२४ मध्ये कर्ज देणाऱ्या संस्थेनं इमारत ताब्यात घेतली. हाती शून्य. त्याआधीच्या आठपैकी सहा सौद्यांत मला चांगला नफा झाला होता. काही वर्षं मी एका छोट्या कंपनीत अशाच इमारतींचं अ‍ॅसेट मॅनेजमेंट सांभाळलं होतं, म्हणजे कागद वाचता येत नव्हते असंही नाही. त्या सौद्यात कर्जाचं पान मी घाईत वाचलं. म्हणून या उत्तरात सगळ्यात जास्त जागा कर्जाला देणार आहे.

आधी ‘पॅसिव्ह’बद्दल. १९४६ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयात फ्लोरिडातल्या हॉवी कंपनीचा खटला चालला. ही कंपनी संत्र्यांच्या बागेचे छोटे छोटे तुकडे लोकांना विकायची आणि त्यासोबत बाग सांभाळण्याचा करारही करून घ्यायची. घेणारे बहुतेक परगावचे, शेतीशी संबंध नसलेले लोक होते. न्यायालयानं म्हटलं, ही जमिनीची विक्री नाही. सामाईक उद्योगात पैसा घालायचा आणि दुसऱ्याच्या मेहनतीतून नफ्याची अपेक्षा धरायची, तर तो गुंतवणुकीचा करार झाला आणि त्याला रोख्यांचा कायदा लागतो. तुमचा प्रस्ताव याच व्याख्येत बसतो. तुमच्या नावावर एकही घर होणार नाही. एका एलएलसीतला, म्हणजे मर्यादित जबाबदारीच्या कंपनीतला, बारीकसा हिस्सा मिळेल. ती एलएलसी चालवणारा जनरल पार्टनर, म्हणजे जीपी किंवा स्पॉन्सर, सगळे निर्णय घेईल: भाडं किती, दुरुस्ती कधी, कर्ज कुणाकडून, विकायचं केव्हा. तुम्ही लिमिटेड पार्टनर, एलपी. तुमची जबाबदारी घातलेल्या पैशांपुरती मर्यादित आणि अधिकारही जवळपास तितकेच मर्यादित. मध्येच बाहेर पडायची सोय साधारणपणे नसते, आणि असली तरी स्पॉन्सरच्या मर्जीनं.

याचा अर्थ असा की तुमचं सगळं काम सही करण्याआधीचं आहे. सहीनंतर काहीच करता येत नाही, म्हणून आधी भरपूर करावं लागतं. मी एका सौद्यासाठी आता वीस-पंचवीस तास देतो. तेवढा वेळ द्यायची तयारी नसेल तर शेअर बाजारातल्या आरईआयटी, म्हणजे इमारतींत पैसे घालणाऱ्या कंपन्या, आहेत. १९६० च्या कायद्यानं त्या सुरूच झाल्या सामान्य माणसाला मोठ्या इमारतींत वाटा मिळावा म्हणून. करपात्र उत्पन्नाचा निदान ९० टक्के भाग त्यांना वाटून टाकावा लागतो, आणि नको झाल्या तर एका दिवसात विकता येतात. त्यात कमीपणा काहीच नाही.

आता कर्ज. तुमच्या सौद्याचे नेमके आकडे तुम्ही लिहिले नाहीत, म्हणून सोपे आकडे घेतो. समजा इमारतीचं निव्वळ उत्पन्न, म्हणजे सगळा खर्च जाऊन पण कर्जाचा हप्ता भरण्याआधीचं, वर्षाला १२ लाख डॉलर आहे. बाजारात ५ टक्के कॅप रेट, म्हणजे निव्वळ उत्पन्न किमतीच्या किती टक्के ते प्रमाण, चालू असेल तर किंमत होते २ कोटी ४० लाख. यातले १ कोटी ८० लाख कर्ज, ६० लाख गुंतवणूकदारांचे. उद्या कॅप रेट ६ टक्के झाला तर त्याच इमारतीची, त्याच भाड्यावर, किंमत २ कोटी होते. एकही भाडेकरू गेलेला नाही, छत गळत नाही, मॅनेजरनं चूक केलेली नाही. तरी ६० लाखांतले ४० लाख कागदावरून नाहीसे झाले, कारण कर्जाचा आकडा तसाच राहतो. एक टक्क्याच्या फरकानं दोन तृतीयांश भांडवल गेलं.

इथे एक दिलासा असतो: विकायची घाई नसेल तर किंमत पडली तरी फरक पडत नाही, भाडं येत राहतं. पण तो तेव्हाच, जेव्हा व्याजदर स्थिर आहे आणि मुदत लांब आहे. २०२१ आणि २०२२ मध्ये बऱ्याच स्पॉन्सरनी तीन वर्षांची, बदलत्या व्याजाची ब्रिज कर्जं, म्हणजे थोड्या मुदतीची तात्पुरती कर्जं, घेतली. मार्च २०२२ पर्यंत फेडरल रिझर्व्हचा दर शून्य ते पाव टक्का होता. जुलै २०२३ पर्यंत ११ वेळा वाढून तो सव्वापाच ते साडेपाच टक्क्यांवर गेला. वरच्या उदाहरणात १ कोटी ८० लाखांवर साडेतीन टक्क्यांनी व्याज होतं ६ लाख ३० हजार, १२ लाखांच्या उत्पन्नातून आरामात जाणारं. तेच कर्ज पावणेनऊ टक्क्यांवर गेलं की व्याज होतं १५ लाख ७५ हजार. उत्पन्न १२ लाख. दरवर्षी पावणेचार लाखांचा खड्डा, आणि तो भरायचा कुठून? आधी राखीव पैशांतून, मग गुंतवणूकदारांचं वाटप थांबवून, मग कॅपिटल कॉल काढून, म्हणजे त्यांच्याकडेच आणखी पैसे मागून. २०२३ च्या एप्रिलमध्ये ह्यूस्टनमधली तीन हजारांहून जास्त घरं असलेली चार संकुलं एकाच फटक्यात जप्त झाली, तीही अशाच सिंडिकेशनमधून घेतलेली.

यावर ‘आम्ही रेट कॅप घेतलाय’ हे उत्तर तुम्हाला मिळेल. रेट कॅप हा एक प्रकारचा विमा. ठरलेल्या पातळीच्या वर व्याज गेलं की वरचा भार कॅप विकणारी बँक उचलते. चांगली गोष्ट आहे, पण तीन गोष्टी विचारा. कॅप कुठल्या पातळीला सुरू होतो, किती वर्षांचा आहे, आणि कर्जाची मुदत वाढवताना नवा कॅप घ्यावा लागेल का? माझ्या बुडालेल्या सौद्यात कॅप दोन वर्षांचा होता. तो संपला तेव्हा दर शिखरावर होते आणि नवा कॅप घ्यायला पहिल्याच्या कितीतरी पट पैसे पडत होते. दोन वर्षांच्या विम्यावर पाच वर्षांची योजना उभी होती, आणि हे कागदात स्पष्ट छापलेलं होतं.

म्हणून मी आता विचारतो: व्याज स्थिर की बदलतं, मुदत किती, कर्ज किमतीच्या किती टक्के, पहिली किती वर्षं फक्त व्याज भरायचं आहे आणि मुद्दल सुरू झाल्यावर हप्ता किती होईल, आणि डीएससीआर किती, म्हणजे उत्पन्न हप्त्याच्या किती पट. सव्वा पट असेल तर मी पुढे वाचतो. इमारत किती टक्के भरलेली असली की खर्च आणि हप्ता जेमतेम भागतो, तेही विचारा. ७५ टक्क्यांच्या आत असेल तर मला झोप लागते, ८८ टक्के असेल तर नाही. फॅनी मे किंवा फ्रेडी मॅक या सरकारपुरस्कृत गृहकर्ज संस्थांचं दहा वर्षांचं स्थिर कर्ज असेल तर ही बाजू बरीच निर्धास्त होते. मात्र ते लवकर फेडलं तर दंड मोठा पडतो, म्हणजे ‘तीन वर्षांत विकू’ हा बेत आणि असं कर्ज एकत्र दिसलं की तोही प्रश्न विचारायचा.

कर्जानंतर मी उघडतो तो मालमत्ता कर. तुमचा सौदा टेक्सासमधला असल्यानं हे जास्तच. टेक्सासमध्ये वैयक्तिक आयकर नाही, शाळा आणि स्थानिक संस्थांचा मोठा भार मालमत्ता करावर असतो आणि बऱ्याच ठिकाणी दर २ टक्क्यांच्या वर जातो. काउंटीचं अप्रेझल डिस्ट्रिक्ट दरवर्षी नवं मूल्य ठरवतं. आता समजा विकणाऱ्याच्या नावावर मूल्य दीड कोटी होतं आणि २.२ टक्क्यांनी तो ३ लाख ३० हजार भरत होता. स्पॉन्सरनं आपल्या तक्त्यात हाच आकडा थोडा वाढवून पुढे ओढला. विक्रीनंतर मूल्य २ कोटी २० लाखांवर गेलं, तर कर होतो ४ लाख ८४ हजार. दीड लाखाचा फरक दरवर्षी, आणि ५ टक्के कॅप रेटनं मोजलं तर इमारतीच्या किमतीत तीस लाखांची घट. दरवर्षी मूल्याविरुद्ध हरकत घेता येते आणि चांगले स्पॉन्सर घेतातही, पण हरकत जिंकू असं धरून तक्ता मांडता येत नाही. विकणाऱ्याचा मागच्या बारा महिन्यांचा हिशेब, ज्याला सगळे टी-१२ म्हणतात, तो मागा आणि स्पॉन्सरच्या पहिल्या वर्षाच्या अंदाजाशेजारी ठेवून ओळ-ओळ ताडा. कर आणि विमा या दोन ओळींतच बहुतेक आशावाद लपलेला असतो.

भाडेवाढ किती धरली आहे तेही बघा. २०२१ मध्ये डॅलस, ऑस्टिन, फिनिक्स इकडची भाडी इतक्या वेगानं वाढत होती की वर्षाला पाच-सहा टक्के वाढ धरणं कुणाला गैर वाटेना. मग २०२३-२४ मध्ये नवी अपार्टमेंट मोठ्या संख्येनं बांधून पूर्ण झाली आणि ऑस्टिनमध्ये तर भाडी उतरली. डॅलसमध्येही नव्या इमारती महिना-दोन महिने फुकट देऊन भाडेकरू ओढू लागल्या. तुमच्या संकुलाच्या पाच मैलांत पुढच्या दोन वर्षांत किती घरं येणार आहेत, हा प्रश्न स्पॉन्सरला विचारा आणि उत्तर तोंडपाठ असतं का ते बघा. विकतानाचा कॅप रेट घेतानापेक्षा कमी धरला असेल तर तो तक्ता मी बंद करतो.

आता १७ टक्के आणि दुप्पट. हे दोन आकडे एकमेकांशी जुळतात: दरवर्षी ८ टक्के मिळाले आणि पाचव्या वर्षी मूळ रकमेच्या १६० टक्के, तर आयआरआर साधारण साडेसोळा येतो. म्हणजे गणित बरोबर आहे. पण नीट बघा, नफ्यातला मोठा भाग, ६० टक्के, एकाच दिवशी म्हणजे विक्रीच्या दिवशी येणार आहे. पाच वर्षांनंतरच्या एका दिवसाच्या बाजारभावावर सगळं उभं आहे. आयआरआरला आणखी एक खोड आहे. मध्येच पुन्हा कर्ज काढून तुम्हाला थोडे पैसे परत दिले की आयआरआर फुगतो, इमारतीवरचा बोजा मात्र वाढलेला असतो. तक्त्यात दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी रिफायनान्स धरला आहे का ते बघा, आणि तो काढून टाकल्यावर आकडा किती होतो ते विचारा.

प्रेफर्ड रिटर्नबद्दल खूप गैरसमज आहे. ८ टक्के प्रेफर्ड म्हणजे ८ टक्के मिळणारच असं नाही. तो रांगेत आधी उभं राहण्याचा हक्क आहे. वाटायला पैसे असतील तर आधी तुमचे ८ टक्के, मग उरलेल्यात स्पॉन्सरचा वाटा, ७०-३० किंवा जे ठरलं असेल तसा. ७५ हजारांवर वर्षाला ६ हजार होतात. पहिल्या वर्षी ३ टक्केच देता आले तर उरलेले ३,७५० पुढे साचतात की विसरले जातात, आणि साचले तर त्यावर व्याज चढतं का, हे एलएलसीच्या करारनाम्यात, म्हणजे ऑपरेटिंग अ‍ॅग्रीमेंटमध्ये शोधा. आणि पहिल्याच महिन्यापासून ८ टक्के मिळत असतील तर हरखून जाऊ नका. दुरुस्ती चालू असलेली, अर्धवट रिकामी इमारत पहिल्या महिन्यापासून इतकं कमावत नसते. बऱ्याचदा तुमच्याकडूनच जास्त उभे केलेले पैसे राखीव म्हणून ठेवून तेच तुम्हाला परत वाटलेले असतात.

स्पॉन्सरची फी हा तुलनेनं छोटा विषय, पण एक हिशेब करून दाखवतो कारण तो पुढे कामाला येतो. अ‍ॅक्विझिशन फी २ टक्के ऐकायला किरकोळ वाटते. ती असते खरेदी किमतीवर. २ कोटी ४० लाखांवर झाली ४ लाख ८० हजार. गुंतवणूकदारांकडून दुरुस्ती धरून उभे केलेले समजा ७५ लाख. तर फी झाली त्याच्या ६.४ टक्के, म्हणजे तुमच्या ७५ हजारांतले ४,८०० पहिल्याच दिवशी गेले. स्पॉन्सरनं काम केलंय, त्याला फी मिळावी, यात मला वावगं वाटत नाही. पण मग तो सांगतो, ‘आम्हीही या सौद्यात साडेचार लाख घातलेत.’ विचारा, ते तुमच्या खात्यातून आले की फीच वळती केली? माझ्या लेखी हा सगळ्या फाइलमधला सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न आहे. स्वतःच्या घामाचे पैसे अडकलेला माणूस तिसऱ्या वर्षी कर्जवाल्यांशी वेगळ्या तऱ्हेनं बोलतो. मी दोन्ही प्रकारचे जवळून पाहिले आहेत.

आणि इथून आपण माणसावर येतो. चांगल्या बाजारात सगळेच हुशार दिसतात, म्हणून ‘आम्ही आतापर्यंत २२ टक्के दिलेत’ याला मी फार किंमत देत नाही, विशेषतः ते सगळे सौदे २०१२ ते २०२१ च्या मधले असतील तर. मी विचारतो: तुमच्या कुठल्या सौद्यात वाटप थांबलं? कुठे कॅपिटल कॉल काढावा लागला? गुंतवणूकदारांना पहिल्यांदा कधी कळवलंत? आणि त्या सौद्याचे सलग बारा महिन्यांचे अहवाल मागतो. ‘आमचा एकही सौदा बिघडला नाही’ असं २०२२ च्या आधीपासून काम करणारा कुणी म्हणाला तर मी आणखी सावध होतो. माझ्या ओळखीतला सगळ्यात विश्वासू स्पॉन्सर असा आहे की ज्यानं २०२३ मध्ये वाटप थांबवायच्या चार महिने आधी पत्र लिहून आकडे मांडले, स्वतःची फी थांबवली, आणि दर महिन्याला फोनवर सगळ्यांच्या प्रश्नांना उत्तरं दिली. त्या सौद्यात मला अजून नफा नाही. पुढच्या सौद्यात मी त्याच्याकडे पुन्हा पैसे घातले.

नावनिशी तपासणंही सोपं आहे. रेग्युलेशन डी, म्हणजे पूर्ण नोंदणीशिवाय रोखे विकू देणारा नियम, त्याखाली पैसे उभे करणाऱ्यानं पहिल्या विक्रीनंतर १५ दिवसांत एसईसी या रोखे नियामकाकडे फॉर्म डी भरायचा असतो, आणि तो एसईसीच्या एडगर संकेतस्थळावर फुकट बघता येतो. स्पॉन्सरच्या आणि त्याच्या भागीदारांच्या नावानं शोधा, जुने सौदे सापडतात, आणि त्यानं दिलेल्या यादीत एखादा गाळला असेल तर तोही. फॉर्म डी म्हणजे सरकारी मान्यता नव्हे, ती नुसती नोंद आहे. काउंटी न्यायालयांत त्याच्या नावावर खटले आहेत का, तेही बघा.

तुमच्या कागदांवर ५०६-बी, म्हणजे रेग्युलेशन डीमधला एक प्रकार, लिहिलंय असं तुम्ही म्हणता. या प्रकारात जाहिरात करायला बंदी असते, स्पॉन्सरशी आधीची ओळख असावी लागते, आणि अ‍ॅक्रेडिटेड नसलेले पण व्यवहार समजणारे ३५ जणांपर्यंत घेता येतात. ५०६-सी मध्ये जाहिरात चालते, पण मग प्रत्येक गुंतवणूकदार अ‍ॅक्रेडिटेड हवा आणि त्याची पडताळणी हवी. २०१२ च्या जॉब्स कायद्यातून ही वाट उघडली. अ‍ॅक्रेडिटेड म्हणजे गेली दोन वर्षं एकट्याचं उत्पन्न २ लाख किंवा दोघांचं मिळून ३ लाख डॉलरच्या वर आणि यंदाही तितकं अपेक्षित, किंवा राहतं घर सोडून १० लाखांच्या वर मत्ता. बसत नसाल तर फॉर्मवर खोटी खूण करू नका. ती तुमच्या अंगाशी येऊ शकते.

‘को-जीपी’च्या प्रस्तावाला माझं उत्तर स्पष्ट नकार आहे. मित्रांचे पैसे आणून त्याबद्दल मोबदला घेणं हे रोखे-दलालाचं काम आहे आणि त्याला परवाना लागतो. वाट्याला ‘को-जीपी’ नाव दिल्यानं काम बदलत नाही. दुसरं, एच-१बी वर असलेल्या व्यक्तीनं गुंतवणूक करणं चालतं, पण धंद्यात काम करणं हे परवानगीशिवायची नोकरी ठरू शकतं. इमिग्रेशन वकिलाला विचारल्याशिवाय त्या वाटेला जाऊच नका. आणि तिसरं कायद्याच्या बाहेरचं: सौदा बिघडला तर ते चार-पाच मित्र स्पॉन्सरला नाही, तुम्हाला फोन करतील. मी २०२१ मध्ये माझ्या मेहुण्याला त्या सौद्याबद्दल फक्त सांगितलं होतं, पैसे घाल असं म्हटलंही नव्हतं. त्यानं ५० हजार घातले. आम्ही आजही बोलतो, पण त्या विषयावर नाही.

करांचं जे आमिष दाखवलं जातं त्याबद्दल. दरवर्षी तुम्हाला शेड्यूल के-१, म्हणजे तुमच्या वाट्याच्या नफा-तोट्याचा करकागद, मिळेल, आणि पहिल्या वर्षी त्यावर हजारो डॉलरचा तोटा दिसेल. कॉस्ट सेग्रिगेशन करून गालिचे, उपकरणं, पार्किंग असे भाग वेगळे काढतात आणि त्यांवर बोनस डेप्रिसिएशन, म्हणजे पहिल्याच वर्षी एकदम जादा घसारा, घेतात. २०२५ च्या कायद्यानं १९ जानेवारी २०२५ नंतर घेतलेल्या मालमत्तेसाठी ते पुन्हा १०० टक्के केलं आहे. पण १९८६ च्या करसुधारणेपासून नियम असा की पॅसिव्ह तोटा फक्त पॅसिव्ह उत्पन्नातून वजा होतो. तुमच्या पगाराला तो हात लावू शकत नाही. तो साठत राहतो आणि विक्रीच्या वर्षी कामाला येतो. रिअल इस्टेट प्रोफेशनल ठरायला वर्षाला ७५० तास आणि एकूण कामाच्या निम्म्याहून जास्त वेळ त्यातच द्यावा लागतो, पूर्णवेळ नोकरी असलेल्याला ते जवळपास अशक्य. तुम्ही राहता ते न्यू जर्सी राज्य बोनस डेप्रिसिएशन मानतच नाही, त्यामुळे राज्याच्या विवरणपत्रात वेगळा हिशेब करावा लागेल. विक्री झाली की आधी घेतलेल्या घसाऱ्यावर २५ टक्क्यांपर्यंत कर बसतो आणि वेगळ्या काढलेल्या भागांवर नेहमीच्या दरानं. एलएलसीतला हिस्सा विकून तुम्हाला स्वतःला १०३१ एक्स्चेंज, म्हणजे दुसरी मालमत्ता घेऊन कर पुढे ढकलणं, करता येत नाही. के-१ अनेकदा एप्रिलच्या मुदतीनंतर हातात पडतो, म्हणजे दरवर्षी मुदतवाढ घ्यावी लागेल. सेल्फ-डायरेक्टेड आयआरए या निवृत्तीच्या खात्यातून घालायचा विचार असेल तर आणखी एक: कर्जातून आलेल्या उत्पन्नाच्या भागावर आयआरएला कर पडतो.

चौघं मित्र मिळून इमारत घेण्याचा तुमचा दुसरा पर्याय मला खरं तर जास्त आवडतो, एका अटीवर, की चौघांनाही खरोखर काम करायचं आहे. तिथे मत असतं, हिशेबाची वही समोर असते, आणि स्पॉन्सरची फी नसते. पण चार घरांपर्यंतच्या इमारतीला कर्ज वैयक्तिक नावावर किंवा वैयक्तिक हमीवर मिळतं, म्हणजे ‘घातले तेवढेच जातील’ हे संरक्षण नाही. माझी अशी एक भागीदारी सात वर्षं छान चालली आणि आठव्या वर्षी एकाला घटस्फोटासाठी पैसे हवे झाले. आम्ही लिहून ठेवलं नव्हतं की बाहेर पडणाऱ्याच्या हिश्शाची किंमत कोण आणि कशी ठरवणार. इमारत उत्तम होती, भाडेकरू चांगले होते, तरी विकावी लागली. त्यामुळे पहिल्या दिवशी वकिलाकडून लिहून घ्या: किती खर्चापर्यंत एकटा निर्णय घेऊ शकतो, दोघं-दोघं अडले तर काय, एखादा जास्तीचे पैसे घालू शकला नाही तर त्याचा हिस्सा किती कमी होणार, मृत्यू झाला तर वारस भागीदार होणार की त्याला पैसे मिळणार, आणि बाहेर पडायचं झालं तर मूल्यांकन कुणाचं. जो रात्री दोनला फुटलेल्या नळाचा फोन घेणार आहे, त्याला त्याबद्दल वेगळे पैसे द्या. हे ठरवताना संकोच वाटतो. तरीही ठरवा.

शुक्रवारबद्दल: शुक्रवार पाळू नका. आजच स्पॉन्सरला, ओळखीच्या गृहस्थांना नाही, थेट लिहा आणि पीपीएम (गुंतवणुकीचं माहितीपत्रक), ऑपरेटिंग अ‍ॅग्रीमेंट, टी-१२, भाडेकरूंची रेंट रोल यादी, कर्जाची टर्म शीट आणि आजवरच्या सगळ्या सौद्यांची यादी मागा. ऑपरेटिंग अ‍ॅग्रीमेंटमध्ये कॅपिटल कॉलचं कलम वाचा: तुम्ही पैसे दिले नाहीत तर हिस्सा नुसता प्रमाणात घटतो की दंड म्हणून जास्त कापला जातो? स्पॉन्सरला पदावरून काढायचं झालं तर किती टक्के मतं लागतात तेही बघा. हजार-दीड हजार डॉलर देऊन रोखे-कायद्याचा वकील एकदा वाचून देईल, ते द्या. तुमच्याकडे सहा महिन्यांचा घरखर्च बाजूला ठेवून, पाच काय, आठ वर्षंही ज्यांची गरज पडणार नाही असे ७५ हजार वेगळे असतील, कर्ज स्थिर व्याजाचं असेल आणि वरच्या प्रश्नांना आकड्यांत उत्तरं आली, तर पहिल्या सौद्यात किमान रक्कम ५० हजारांवर आणता येते का ते विचारून तेवढेच घाला. उत्तरं गोलमोल आली किंवा ‘जागा संपत आल्यात’ असं आलं, तर जाऊ द्या.

पैसे पाठवायची वेळ आलीच, तर ईमेलमधल्या खाते क्रमांकावर भरवसा ठेवू नका. वायर करण्याआधी तुमच्याकडे पूर्वीपासून असलेल्या नंबरवर स्वतः फोन करून क्रमांक अंक-अंक ताडून घ्या. एकदा गेलेली वायर सहसा परत येत नाही.